झाडपाला लागू पडतो, पण कशामुळे?

इंग्लंडमधल्या चिपिंग नॉर्टन गावाजवळ एडवर्ड स्टोन नावाच्या एका पाद्र्यानं सहज म्हणून विलोच्या झाडाची साल चघळून पाहिली. विलो म्हणजे आपल्या नदीकाठच्या वाळुंजाचा तिकडचा भाऊबंद. साल इतकी कडू निघाली की त्याला सिंकोनाची आठवण झाली. थंडीतापावरची सिंकोनाची साल तेव्हा थेट दक्षिण अमेरिकेतून यायची आणि सामान्य माणसाला परवडायची नाही. स्टोननं जवळजवळ अर्धा किलो विलोची साल गोळा केली, पिशवीत भरून पाववाल्याच्या भट्टीच्या बाहेरच्या अंगाला तीन महिन्यांहून जास्त वाळत ठेवली, कुटली, चाळली आणि तापाच्या रुग्णांना दर चार तासांनी पाण्यातून द्यायला लागला. सुरुवात चिमटीएवढ्या मात्रेनं, मग हळूहळू वाढवत. सुमारे पन्नास जणांवर करून पाहिल्यावर १७६३ साली त्यानं रॉयल सोसायटीला पत्र लिहून सगळं कळवलं. पत्र छापून आलं, पण त्यात बिचाऱ्याचं नाव एडमंड पडलं.

विलोच का, याचं कारण त्यानं पत्रात दिलंय. थंडीताप दलदलीच्या, ओलसर जागी होतो. विलोही ओलसर जागीच वाढतो. आणि रोग जिथे, तिथे जवळच देवानं उपाय ठेवलेला असतो, अशी तेव्हा सर्वसाधारण समजूत होती.

आज आपल्याला माहीत आहे की विलोच्या सालीत सॅलिसिन असतं, शरीरात त्याचं सॅलिसिलिक आम्ल होतं आणि त्यानं ताप उतरतो. हिवतापाचा परजीवी मात्र त्यानं मरत नाही. म्हणजे स्टोनचं निरीक्षण खरं होतं, त्यामागचं कारण साफ चुकीचं होतं, आणि नेमका कोणता रोग बरा झाला हेही त्याला कळलेलं नव्हतं. युरोप-अमेरिकेतल्या झाडपाल्याच्या वैद्यकावरून गेली अडीचशे वर्षं जी भांडणं चाललीत, त्यांतली बरीचशी या एका पत्रात सापडतात.

हे वैद्यक आजही तिकडे जोरात आहे. ब्रिटनमध्ये ‘हर्बलिस्ट’कडे गेलात तर पहिल्या भेटीला तो तासभर बोलतो. झोप, पोट, पाळी, नोकरीतला ताण, सगळं विचारतो. मग मागच्या फळीवरच्या तपकिरी बाटल्यांतून चार-पाच अर्क मोजून एका बाटलीत ओततो. हे अर्क बहुतेक दारूतले असतात: एक भाग वाळलेली वनस्पती, पाच भाग अल्कोहोल आणि पाणी, काही दिवस भिजवायचं, गाळायचं, पिळायचं. दिवसातून तीनदा चमचाभर. चवीला भयंकर असतात, आणि काही हर्बलिस्ट तर म्हणतात की कडू लागलंच पाहिजे, जिभेवरच्या कडूपणानंच पचनाचे रस सुटायला लागतात.

या परंपरेचं मूळ ग्रीक आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायोस्कोरिडीसनं सहाशेच्या आसपास वनस्पतींची नोंद केली. पुढच्या शतकात गॅलेननं त्यांना चौकट दिली: शरीरात चार रस, त्यांचा तोल बिघडला की आजार, प्रत्येक वनस्पती उष्ण किंवा थंड, कोरडी किंवा ओली, आणि तीही पहिल्या ते चौथ्या पायरीपर्यंत. ‘पपई उष्ण पडते, दही थंड पडतं’ हे ऐकत वाढलेल्या आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. गंमत म्हणजे गॅलेनची ही चौकट युरोपात कधीच मोडीत निघाली, पण अरबी हकिमांमार्फत ती आपल्याकडे आली आणि अजून जिवंत आहे. ‘युनानी’ या शब्दाचा अर्थच मुळी ग्रीक. मालेगावात तिचं रीतसर महाविद्यालय आहे.

दुसरी कल्पना खुणांची. देवानं प्रत्येक झाडावर त्याच्या उपयोगाची खूण ठेवली आहे असं मानायचे. अक्रोड मेंदूसारखा दिसतो, म्हणून डोक्याला चांगला. पल्मोनेरियाच्या पानांवर फुप्फुसासारखे ठिपके, म्हणून खोकल्याला. हे वाचून हसू येतं, पण जेव्हा बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, तेव्हा कोणतं झाड कशाला वापरायचं हे ध्यानात ठेवायची ही सोपी युक्तीही असावी. आधी उपयोग कळला आणि मग खूण शोधली, असंही पुष्कळदा झालं असणार. खुणेचा हा खेळ एका वनस्पतीच्या बाबतीत फार महागात पडला. त्याकडे शेवटी येते.

तिसरा झगडा होता, हे ज्ञान कुणाचं? सतराव्या शतकात लंडनच्या डॉक्टरांच्या संस्थेचा औषधकोश लॅटिनमध्ये होता. निकोलस कल्पेपर या स्पिटलफील्ड्सच्या गरीब वस्तीत रुग्ण पाहणाऱ्या औषधवाल्यानं १६४९ साली तो इंग्रजीत आणला, परवानगी न घेता. डॉक्टर खवळले. संस्कृतातलं प्राकृतात आणणाऱ्यांना काय काय ऐकून घ्यावं लागलं, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. १६५२ साली त्यानं स्वतःचं पुस्तक काढलं. त्याचा रोख असा की परदेशी महागडी औषधं कशाला, इंग्लंडच्या कुंपणांत, बांधांवर उगवणारं पुरेसं आहे. किंमत ठेवली तीन पेन्स. दोन वर्षांनी, वयाच्या सदतिसाव्या वर्षी तो गेला. पुस्तक अजून छापलं जातं. मात्र या लोकांच्या कैवाऱ्यानं प्रत्येक झाड कोणत्या ना कोणत्या ग्रहाच्या ताब्यात देऊन टाकलं होतं. कल्पेपरला डोक्यावर घेणारे आजचे लोक हा भाग हळूच झाकून ठेवतात.

असाच दुसरा माणूस अमेरिकेतला सॅम्युएल थॉमसन. न्यू हॅम्पशायरचा शेतकरी, शाळा नाही म्हणण्याइतकी. लोबेलिया देऊन उलट्या करवायच्या, लाल मिरची देऊन अंगात ऊब आणायची, ही त्याची पद्धत. त्या काळचे डॉक्टर रक्त काढत होते आणि पारा पाजत होते, हे लक्षात घेतलं तर लोक थॉमसनकडे का गेले ते कळतं. त्यानं १८१३ साली पद्धतीचं पेटंट घेतलं आणि वीस डॉलरला घरगुती वापराचा हक्क विकला. १८३० च्या दशकाच्या शेवटी ही पद्धत अटलांटिक ओलांडून इंग्लंडला पोचली आणि १८६४ साली तिथे हर्बलिस्टांची संघटना उभी राहिली. म्हणून आजच्या ब्रिटिश हर्बलिस्टच्या फळीवर कल्पेपरच्या कुंपणातल्या पाल्याशेजारी अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची लोबेलिया आणि एकिनेशिया उभी असते. ‘पाश्चात्त्य’ हे नाव एक, माल चहूकडचा. त्यात गोव्याचाही वाटा आहे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया दा ओर्ता यानं इकडच्या औषधी वनस्पतींवर लिहिलेलं पुस्तक १५६३ साली गोव्यात छापलं गेलं, आणि चारच वर्षांत त्याचा लॅटिन सारांश युरोपभर वाचला जाऊ लागला. पणजीच्या पालिका उद्यानाला त्याचं नाव आहे.

आता मुद्द्याकडे. मी पंधरा वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभी आहे, आणि माझ्या मते या सगळ्या वादाची किल्ली फॉक्सग्लव्हमध्ये आहे. घंटेसारखी जांभळट फुलं लोंबणारं हे झाड. १७७५ साली विल्यम विदरिंग या डॉक्टरला श्रॉपशरमधल्या एका म्हाताऱ्या बाईचं घरगुती औषध दाखवण्यात आलं. अंगावर पाणी साठून सुजलेली, डॉक्टरांनी हात टेकलेली माणसं त्यानं बरी होत. त्यात वीसेक वनस्पती होत्या. काम करणारी फॉक्सग्लव्हच, हे विदरिंगनं ओळखलं. मग दहा वर्षं खपून दीडशेहून जास्त रुग्णांच्या नोंदी केल्या, फसलेल्या केसेस न लपवता, आणि १७८५ साली प्रसिद्ध केल्या. (त्या बाईला पुढे ‘मदर हटन’ असं नाव चिकटलं. ते एका अमेरिकन औषध कंपनीच्या १९२८ सालच्या जाहिरातीतून आलंय. विदरिंगनं नाव लिहिलेलंच नाही. बाईचं ज्ञान सगळ्यांनी घेतलं, नाव मात्र जाहिरातवाल्यानं ठेवलं!)

विदरिंगच्या नोंदींत उलट्या आहेत, नाडी मंदावणं आहे, रुग्णाला सगळं पिवळं-हिरवं दिसायला लागणं आहे. कारण फॉक्सग्लव्हमध्ये तारणारी मात्रा आणि मारणारी मात्रा यांत अंतर फार थोडं. आणि पानात औषध किती, हे झाडाचं वय, ऋतू, वाळवण्याची रीत यांवर बदलतं. आज मूठभर पानांनी गुण आला, तेवढ्याच पानांनी उद्या माणूस दगावू शकतो. १९३० साली फॉक्सग्लव्हच्याच एका जातीतून डिगॉक्सिन वेगळं काढलं गेलं. आता ते पाव मिलिग्रॅमच्या गोळीत येतं, आणि ती गोळी देताना आम्ही चिठ्ठी दोनदा वाचतो. हर्बलिस्टनी फॉक्सग्लव्ह कधीच सोडून दिलं.

म्हणजे काय झालं? ज्या झाडाचा जोरदार गुण सिद्ध झाला, ते झाडपाल्याच्या दुकानातून उठून माझ्या काउंटरवर आलं. अफूतून मॉर्फिन, सिंकोनातून क्विनिन, तसंच हे. आपल्याकडची सर्पगंधाही याच वाटेनं गेली: मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली पन्नास रुग्णांवरचा अभ्यास ब्रिटिश नियतकालिकात छापला, जगाचं लक्ष गेलं, १९५२ साली तिच्यातून रेसरपिन वेगळं काढलं गेलं आणि रक्तदाबाचं औषध झालं. मागाहून कळलं की जास्त मात्रेत काही रुग्णांचं मन खचतं. हर्बलिस्टच्या फळीवर उरतात त्या बहुतेक सौम्य वनस्पती, किंवा अजून नीट न तपासलेल्या. ‘झाडपाला सौम्य असतो’ हे वाक्य त्यामुळे बऱ्याच अंशी खरं आहे, फक्त त्याचं कारण निसर्गाची माया हे नाही. जहाल होतं ते आधीच उचलून नेलंय.

हर्बलिस्टांचं यावर उत्तर असतं, आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. ते म्हणतात, अख्ख्या झाडात शेकडो द्रव्यं एकमेकांना सांभाळून असतात. एकच उपसून काढलंत की दुष्परिणामही उपसून निघतात. त्यांचं आवडतं उदाहरण मेडोस्वीटचं. याच फुलझाडाच्या जुन्या लॅटिन नावावरून ‘अ‍ॅस्पिरिन’मधलं ‘स्पिर’ आलं. ॲस्पिरिननं जठरातून रक्त येतं, पण मेडोस्वीट पोटाला शांत करतं, असं ते सांगतात. इथे एक गफलत आहे. ॲस्पिरिन म्हणजे झाडातलं सॅलिसिलेट जसंच्या तसं नाही. १८९७ साली बायरच्या प्रयोगशाळेत त्याला अ‍ॅसिटिल गट जोडला गेला, आणि रक्त पातळ ठेवणं काय किंवा जठराला इजा करणं काय, दोन्हींत त्या जोडकामाचा मोठा हात आहे. झाडात ते नाहीच, तर तुलना कशाची?

पण विलोनं त्यांची बाजू थोडी राखलीय. कंबरदुखीच्या २१० रुग्णांवर चार आठवड्यांची एक चाचणी २००० साली प्रसिद्ध झाली. शेवटच्या आठवड्यात जास्त मात्रेच्या गटातले ३९ टक्के वेदनामुक्त होते, कमी मात्रेतले २१ टक्के, आणि नुसत्या दिखाऊ गोळीवरचे ६ टक्के. जास्त मात्रेतही सॅलिसिन होतं रोज २४० मिलिग्रॅम, आणि त्यातून रक्तात सॅलिसिलेट इतकं थोडं उतरतं की एवढा गुण त्याच्या एकट्याच्या खाती टाकता येत नाही. सालीतली दुसरी द्रव्यं हातभार लावत असणार. तेव्हा ‘अख्खं झाड’ ही नुसती भाबडी श्रद्धा नाही. प्रत्येक झाडासाठी ती वेगळी तपासावी मात्र लागते, आणि तपासायला पैसा लागतो. कुंपणात उगवणाऱ्या झाडाचं पेटंट मिळत नाही, मग तो घालणार कोण?

जिथे पैसा घातला गेला तिथे उत्तरं मिळाली, पण ऐकायला सगळ्यांना आवडली नाहीत. गिंको घेतल्यानं म्हातारपणी स्मृतिभ्रंश टळतो का, हे अमेरिकेत तीन हजारांहून जास्त ज्येष्ठांवर काही वर्षं तपासलं. २००८ साली निकाल आला: टळत नाही. (शिवाय ‘हजारो वर्षांची परंपरा’ म्हणून खपणारं गिंकोच्या पानांचं हे औषध मुळात विसाव्या शतकातल्या जर्मन कारखान्यातलं. चीनमध्ये जुना वापर मुख्यतः बियांचा.) सर्दीवरच्या एकिनेशियाच्या एका मोठ्या चाचणीनंही नकार दिला, तेव्हा समर्थकांनी विचारलं: कोणती एकिनेशिया? जाती तीन, कुणी मूळ वापरतं, कुणी पाला, कुणी दारूत काढतं, कुणी पाण्यात. प्रश्न रास्त आहे. पण मग बाटलीवर नुसतं ‘एकिनेशिया’ लिहून विकता कसे, हाही तितकाच रास्त.

आणि मग येतो सेंट जॉन्स वर्ट. पिवळ्या फुलांचं तण. पान उजेडात धरलं तर सुईनं टोचल्यासारखे बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. कळी बोटांत चुरडली तर लाल-जांभळा डाग पडतो. सेंट जॉनच्या सणाला, २४ जूनच्या सुमारास ते फुलतं, म्हणून हे नाव. उदासीवर ते जर्मनीत भरपूर वापरतात. २००८ साली २९ चाचण्या, साडेपाच हजारांच्या आसपास रुग्ण, असा एकत्र आढावा निघाला: दिखाऊ गोळीपेक्षा सरस, नेहमीच्या नैराश्याच्या औषधांच्या तोडीचं, त्रास कमी. पण जर्मन भाषक देशांतल्या चाचण्यांत गुण जास्त दिसला होता, इतरत्र कमी. त्याआधी २००२ साली ३४० रुग्णांच्या अमेरिकन चाचणीत ते दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरलं नव्हतं. मात्र त्याच चाचणीत सर्ट्रालिन हे प्रस्थापित औषधही मुख्य मोजमापावर सरस ठरलं नव्हतं! दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीचं तेवढंच उचललं.

माझी या झाडाशी गाठ पडली ती एका काकूंमुळे. हृदयाची झडप बदललेली, रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन रोज. रक्त किती पातळ आहे हे सांगणारा आयएनआर हा आकडा वर्षानुवर्षं जागेवर, आणि अचानक तो घसरायला लागला, म्हणजे रक्त पुन्हा घट्ट होऊ लागलं. गोळी चुकली का? नाही. पालेभाजी वाढवली का? नाही.

“दुसरं काही औषध चालू केलंय का, काकू?”

“छे गं. लेकीकडून जर्मनीहून एक डबी आलीय, मन जरा बरं राहावं म्हणून. पण ते औषध नाही, झाडपाला आहे.”

डबीवर ‘योहानिसक्राउट’ लिहिलेलं. म्हणजे सेंट जॉन्स वर्टच.

यातल्या हायपरफोरिन या द्रव्यानं यकृतातलं एक बटण दाबलं जातं आणि औषधं मोडणारी विकरं जास्त प्रमाणात तयार व्हायला लागतात. घरात चार पाहुणे वाढले की पातेलं लवकर रिकामं होतं, तसं इतर औषधं रक्तातून लवकर संपतात. २००० साली झ्युरिकच्या डॉक्टरांनी कळवलं की हृदय बदललेल्या दोन रुग्णांमध्ये नवं हृदय नाकारलं जाऊ लागलं, कारण शरीरानं नवा अवयव नाकारू नये म्हणून देतात त्या सायक्लोस्पोरिन या औषधाची पातळी या झाडामुळे खाली गेली होती. एचआयव्हीची काही औषधं, गर्भनिरोधक गोळ्या यांचंही तेच. मला यात हर्बलवाल्यांची नाचक्की दिसत नाही, उलट त्यांच्या झाडाला मिळालेली पावती दिसते. जे शरीरात काहीतरी करतं, ते इतरही काहीतरी करणारच. ‘शंभर टक्के असरदार आणि साइड इफेक्ट शून्य’ असं एकाच डबीवर वाचलं की मी त्यातलं निदान एक वाक्य खोटं धरून चालते.

आता ती खुणेची वनस्पती. अ‍ॅरिस्टोलोकिया. ग्रीक नावाचा अर्थच ‘उत्तम बाळंतपण’. फुलाचा आकार गर्भाशयासारखा वाटला, म्हणून युरोपातल्या सुईणी ती शतकानुशतकं बाळंतिणींना देत आल्या. १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या गोळ्या घेतलेल्या बायकांची मूत्रपिंडं निकामी व्हायला लागली. शंभरच्या आसपास बायकांना हे झालं. गोळीत एका चिनी वनस्पतीच्या जागी चुकून अ‍ॅरिस्टोलोकियाची जात आली होती. पुढे त्यांतल्या अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. मग बाल्कनमधल्या एका जुन्या कोड्याचाही उलगडा झाला. डॅन्यूबच्या उपनद्यांकाठच्या काही गावांत पिढ्यानपिढ्या मूत्रपिंडाचा आजार होता. गव्हाच्या शेतात हेच तण उगवायचं, बिया गव्हाबरोबर दळल्या जायच्या आणि भाकरीतून पोटात जायच्या. आपल्याकडची सापसंद याच घराण्यातली आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

‘हजार वर्षं वापरात आहे, वाईट असतं तर कळलं नसतं का?’ हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतो. पाला खाल्ला आणि तासाभरात उलटी झाली, तर परंपरा ते नक्की टिपते. त्या बाबतीत ती पुष्कळ भरवशाची आहे. पण बाळंतपणात घेतलेल्या काढ्याचा आणि वीस वर्षांनी निकामी झालेल्या मूत्रपिंडाचा संबंध कोणती सुईण जोडणार? त्यासाठी नोंदवह्या लागतात, आणि ‘हजारो वर्षांच्या’ परंपरेत त्या क्वचितच सापडतात.

युरोपियन संघानं २००४ साली मात्र कायद्यातच परंपरेला पुराव्याची जागा दिली. निदान तीस वर्षांचा वापर, त्यातली पंधरा वर्षं युरोपात, हे दाखवा आणि सौम्य तक्रारींसाठी नोंदणी मिळवा. गुण सिद्ध करायची गरज नाही, पण मालाची शुद्धता आणि सुरक्षितता दाखवावी लागेल. अमेरिकेत १९९४ पासून हाच माल ‘पूरक आहार’ म्हणून खपतो, बाजारात येण्याआधी गुण सिद्ध करायची अट नाही. आयर्लंडनं तर २००० साली सेंट जॉन्स वर्ट डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देणंच बंद केलं होतं.

जर्मनीत तर एकाच गावात हे झाड तीन ठिकाणी मिळतं. मध्यम नैराश्यासाठीचं तीव्र मात्रेचं औषध डॉक्टरच्या चिठ्ठीवर, सौम्य उदासीसाठीचं औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय, आणि कमी मात्रेचं शांपू-साबणाच्या दुकानात, चहाच्या पुड्यांशेजारी. काकूंची डबी यांतली कोणती, ते कळायला त्यांच्या लेकीला व्हिडिओ कॉल लावला. आतलं घडी घातलेलं पत्रक काकूंनी फेकलेलं नव्हतं, नशीब. ते कॅमेऱ्यासमोर धरलं. लेक बारीक अक्षरातली औषधांची यादी वाचत गेली, पाचव्या-सहाव्या नावावर थांबली, आणि म्हणाली, “आई, तुझी गोळी कोणती म्हणालीस?”